सयामी की बर्मीज: दोन बोलक्या मांजरांचे स्वभाव

जुळे सोलापुरात सदनिकेत राहणाऱ्या एका ताईंना घरी बोलके मांजर आणायचे आहे. पुण्याला नणंदेकडे त्यांनी सयामी मांजर पाहिले आणि चौथीतल्या मुलाने तेव्हापासून हट्ट धरला आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त सकाळी दहा ते सायंकाळी सहा बाहेर असतात, सासूबाई दिवसभर घरी असतात आणि घर शाकाहारी आहे. पिल्ले विकणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना सयामीऐवजी बर्मीज सुचवले असून, ‘स्वभाव तोच, फक्त आरडाओरडा कमी’ असे सांगितले आहे. हे कितपत खरे आहे आणि आमच्या घराला यांपैकी कोणते मांजर मानवेल, असे त्या विचारतात.

सोलापुरात लहान प्राण्यांची पशुवैद्यक म्हणून काम करताना सयामी मांजरे मी पुष्कळ पाहिली आहेत, बर्मीज त्या मानाने फार थोडी. आपल्याकडे खरे बर्मीज क्वचितच मिळते. तरीही जी पाहिली त्यांवरून आणि या जातींविषयी जे नीट नोंदले गेले आहे त्यावरून एवढे निश्चित सांगता येते की, आरडाओरडा कमी हे खरे आहे, स्वभाव तोच हे खरे नाही. दोन्ही मांजरे माणसाशी बोलतात. परंतु सयामी कोणाशी बोलते आणि बर्मीज कशासाठी बोलते, यांत बराच फरक आहे, आणि आपल्या घराचा निर्णय आवाजापेक्षा त्या फरकावर व्हायला हवा.

दोघांचे नाते खरोखरच जवळचे आहे. थायलंडमधील मांजरांविषयीच्या जुन्या सचित्र हस्तलिखितांत फिकट अंगाचे, काळसर टोकांचे ‘विचियनमात’ आणि तांबूस तपकिरी ‘सुफलक’ अशी दोन्ही मांजरे आढळतात. पहिले म्हणजे आजच्या सयामीचे पूर्वज, आणि दुसऱ्याला बर्मीजचे पूर्वज मानले जाते. सयामी मांजराची एक जोडी १८८४ साली बँकॉकमधील ब्रिटिश वकिलातीतून इंग्लंडला गेली आणि तेथे या जातीचे पद्धतशीर प्रजनन सुरू झाले. बर्मीजची कथा अलीकडची आहे. १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जोसेफ थॉम्प्सन यांच्याकडे ब्रह्मदेशातून वाँग माऊ नावाची एक तपकिरी मांजरी आली. तिच्या जातीचा नर तेथे कोठेच नसल्यामुळे तिचा संकर ताई माऊ नावाच्या सयामी बोक्याशी करण्यात आला. पुढच्या पिढ्यांतील पिल्लांचे रंग पाहून लक्षात आले की वाँग माऊ स्वतःच निम्मी सयामी होती. मांजरांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या अमेरिकेतील कॅट फॅन्सियर्स असोसिएशन या संस्थेने १९३६ मध्ये बर्मीजला मान्यता दिली खरी, पण सयामीशी संकर चालूच राहिल्यामुळे १९४७ मध्ये ती स्थगित केली आणि काही वर्षांनी परत दिली. सारांश, बर्मीजच्या अंगात सयामीचे रक्त पहिल्यापासून आहे आणि त्याचा बोलकेपणा तेथूनही आलेला असू शकतो.

रंगाचेही तसेच आहे. दोन्ही जातींचा रंग एकाच जनुकाच्या दोन वेगवेगळ्या रूपांमुळे येतो. या जनुकापासून तयार होणारे, रंगद्रव्य बनवणारे विकर सयामीच्या उबदार अंगावर जवळजवळ निकामी असते आणि कान, तोंड, पंजे व शेपटी या थंड भागांतच काम करते. बर्मीजमध्ये हा परिणाम सौम्य असल्यामुळे सगळे अंग तपकिरी होते आणि टोके किंचित गडद राहतात. नसबंदीसाठी पोटावरचे केस काढले की सयामीच्या त्या जागी नवे केस गडद येतात आणि मालक घाबरून फोन करतात. पुढच्या वेळी केस गळून नवे आले की तो डाग बहुधा जातो. पण रंगाचा आणि स्वभावाचा संबंध नाही, आणि ही गोष्ट खरेदी करताना फार महत्त्वाची ठरते. टोके काळी असलेले कोणतेही पिल्लू बाजारात सयामी म्हणून विकले जाते; त्यांतील कित्येक लांब केसांच्या पर्शियनच्या संकराची असतात आणि तासन्‌तास एका जागी निवांत बसून राहतात. तसेच कोणतेही तपकिरी पिल्लू बर्मीज होत नाही. आपण ज्या स्वभावासाठी पैसे मोजणार आहात तो आई-वडिलांकडून येतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने २०१९ साली सुमारे सहा हजार मांजरांच्या माहितीवरून असे दाखवले की, जातीजातींत वर्तनाचे स्पष्ट फरक आहेत आणि ज्या जातींत आनुवंशिकतेचे प्रमाण मोजले गेले त्यांत वर्तनातील जवळपास निम्मा फरक आनुवंशिक आहे.

आता सयामीकडे वळते. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी फारशी म्यांव म्यांव करत नाहीत. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेला असतो, आणि सयामीने त्याचा सर्वाधिक उपयोग करून घेतला आहे. तिचा आवाज मोठा, घोगरा आणि लांबवलेला असतो. शेजारच्यांना तान्हे मूल रडत असल्याचा भास होतो. पण पट्टीपेक्षा त्यातील आग्रह महत्त्वाचा आहे. तपासणीच्या टेबलावर सयामी मांजर माझ्या हाताकडे पाहत नाही. मान वळवून मालकाच्या तोंडाकडे पाहते आणि ओरडते. मालक ‘हो ग, झालंच’ म्हणाला की क्षणभर थांबते, तो गप्प झाला की पुन्हा सुरू करते. घरातील सगळ्या माणसांतून तिने एकाला निवडलेले असते आणि तिचे बहुतेक बोलणे त्या एका माणसाला उद्देशून असते.

नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर राहणाऱ्या एका कुटुंबाकडे अशी एक मांजरी आहे. रात्री रस्त्यावरची सगळी दुकाने एकापाठोपाठ बंद होत असतात, पण स्वतःच्या दुकानाचे शटर खाली आले की ती जिन्याच्या दारापाशी जाऊन मालक वर येईपर्यंत हाका मारते. दुसऱ्या कोणाच्या शटरला ती हलत नाही. घरातील सून तिला दोन वेळा खाऊ घालते, तिची मातीची पेटी साफ करते, आणि तरीही मांजरीच्या लेखी मालक एकच. सयामीची बुद्धी आणि तिची निष्ठा ही अशी असते. तिला घराचे वेळापत्रक पाठ असते, ते चुकलेले चालत नाही आणि चुकले तर ती सांगितल्याशिवाय राहत नाही. तिच्या माणसाने दुसऱ्या प्राण्याला किंवा नव्या बाळाला जवळ घेतले तर काही सयामी मांजरे रुसतात, खाणे कमी करतात किंवा स्वतःचे अंग चाटून चाटून केस घालवतात. या अतिचाटण्याकडे सयामीचा कल इतर जातींपेक्षा अधिक असल्याचे हेलसिंकीच्या अभ्यासातही आढळले. माझ्या अनुभवात त्यामागे बहुतेक वेळा एकटेपणा असतो, परंतु आधी त्वचेचे आजार आणि पिसवा तपासूनच तसे म्हणावे.

सयामीला कंटाळा सोसत नाही, हे ज्याला समजले त्याला हे मांजर अतिशय रमवते. दाराची कडी, कपाटाचा खण, पाण्याचा नळ, सगळे ती उघडून पाहते. नाव घेतले की उत्तर देते, प्रश्नाच्या सुरात बोलले की प्रश्नाच्या सुरात परत बोलते. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाशी मनापासून खेळवले, तर रात्रीची ओरड निम्म्याने कमी झालेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

बर्मीजची गोष्ट वेगळी आहे. हाडापेराने ते सयामीपेक्षा भरलेले असते. दिसायला लहान आणि उचलल्यावर वरवंट्यासारखे जड. आवाज खालच्या पट्टीतला, किंचित बसलेला, आणि मला तरी तो कानाला गोड लागतो. ते पुष्कळ बोलते, पण ओरडून बोलावण्यापेक्षा स्वतः चालत येऊन बोलते, आणि बोलून झाले की मांडीवर चढते. त्याला अंगाला अंग लागलेले हवे असते. बर्मीज तपासताना माझी अडचण उलटी होते: स्टेथोस्कोप छातीला लावला की ते डोके त्यावर घासते आणि इतके घुरघुरते की हृदयाचे ठोकेच ऐकू येत नाहीत. मग शेजारचा नळ सोडावा लागतो. पाण्याच्या आवाजाने ते दचकून क्षणभर घुरघुरणे थांबवते, तेवढ्यात ठोके मोजून घ्यावे लागतात. मालक खोलीत आहे की नाही, याने त्याला त्या वेळी विशेष फरक पडत नाही.

हाच दोन जातींतील सर्वांत मोठा भेद आहे असे मी मानते. सयामी एका माणसाची होते. बर्मीज घराचे होते, आणि दारात आलेल्या पाहुण्याचेही होते. टपालवाला, गॅस सिलिंडर घेऊन येणारा मुलगा, शिकवणीला आलेली मुले, कोणीही त्याला परके वाटत नाही. लहान मुलांचे उचलणे, कुशीत दाबणे ते सयामीपेक्षा जास्त सहन करते. फेकलेला कागदाचा बोळा तोंडात धरून परत आणून देण्याची खोडही या जातीत पुष्कळ दिसते. माद्या जास्त चौकस आणि घरावर हुकूम चालवणाऱ्या, तर बोके अधिक सुस्त व मांडी शोधणारे, असे या जातीची पैदास करणारे लोक सांगतात आणि मी पाहिलेल्या थोड्या मांजरांना ते लागू पडते. अमेरिकी वळणाचे बर्मीज गोल चेहऱ्याचे आणि थोडे अधिक शांत, युरोपीय वळणाचे सडपातळ व जास्त चपळ असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

त्याच्या या विश्वासू स्वभावाची काळजीही तेवढीच करावी लागते. कोणाही अनोळखी माणसाच्या मागे जाणारे आणि रस्त्यावरच्या वाहनांची भीती नसलेले हे मांजर बाहेर सोडण्याचे नाही. शिवाय माणसांशी इतके मवाळ असणारे बर्मीज घराबाहेरच्या मांजरांशी मात्र कडक वागू शकते. जिन्यात भटके मांजर येत असेल तर मारामारी आणि चाव्यांतून पसरणारे आजार, दोन्ही ओढवतात. गॅलरीला घट्ट जाळी लावणे दोन्ही जातींसाठी मी अनिवार्य समजते.

एकटेपण दोघांनाही मानवत नाही, फक्त ते दाखवण्याची रीत निराळी आहे. सयामी ओरडून तक्रार करते, त्यामुळे ती शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते. बर्मीज मिटून जाते, खाते आणि झोपते, वजन वाढवते, आणि मालकाला वाटते की मांजर किती गुणाचे आहे. या दुसऱ्या प्रकाराची मला अधिक चिंता वाटते, कारण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बर्मीजमध्ये मधुमेहाचे प्रमाण इतर मांजरांपेक्षा जास्त असल्याचे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात दिसून आले आहे, आणि लठ्ठपणा त्याला हातभार लावतो.

रात्रीच्या ओरडण्याविषयी आपण मुद्दाम विचारले नाही, पण सदनिकेत तो प्रश्न येणारच. मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जागे असते. पहाटे चारला सयामीने हाक मारली आणि घरातील कोणी उठून वाटीत खाणे घातले, तर दुसऱ्या दिवशी ती पावणेचारला हाक मारते. टाळी एका हाताने वाजत नाही; हाकेला मिळालेले प्रत्येक उत्तर, रागाचे असले तरी, तिच्या दृष्टीने उत्तरच असते. म्हणून झोपण्यापूर्वी खेळ, खेळानंतर पोटभर जेवण, आणि त्यानंतर सकाळपर्यंत घरातल्या सर्वांनी एकच धोरण पाळणे, याला पर्याय नाही. मारणे, पाणी उडवणे या उपायांनी ती गप्प बसत नाही, फक्त त्या माणसाला टाळू लागते. नसबंदी वेळेवर करणे हा यातील मोठा भाग आहे. दोन्ही जाती लवकर वयात येतात. चार-पाच महिन्यांची सयामी मांजरी माजावर आलेली मी पाहिली आहे आणि त्या दिवसांतील तिचे ओरडणे एकदा ऐकलेली इमारत ते विसरत नाही. पिल्लाचे वजन व प्रकृती ठीक असेल तर पाचवा महिना उलटण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून घ्यावी.

सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सयामी आणि तिच्या नात्यातील जातींत, बर्मीजमध्येसुद्धा, कापड चोखण्याची आणि चावून गिळण्याची सवय इतर मांजरांपेक्षा जास्त आढळते. परदेशी लेखनात लोकरीच्या कपड्यांचा उल्लेख असतो. आपल्याकडे घरोघरी चादरी आणि टॉवेल आहेत, आणि टॉवेलची सुटी टोके व चादरीच्या दशा या मांजरांना फार आवडतात. चादरीला ओलसर गोल डाग आणि कडेला कुरतडलेले भोक दिसले, तर ते उंदराचे काम समजून सोडून देऊ नये. गिळलेले सूत आतड्यात अडकते. शहराच्या पूर्वभागात जेथे घरातच माग आहे, किंवा जेथे गणवेश शिवण्याचे काम घरी चालते, तेथे दोऱ्याची रिळे बंद डब्यात ठेवावीत. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये; दुसरे टोक आत अडकलेले असल्यास ओढल्याने आतडे कापले जाते. मांजराला आहे त्या स्थितीत पशुवैद्याकडे न्यावे. सवय कमी करण्यासाठी खेळ वाढवणे, चघळायला योग्य वस्तू देणे आणि पिल्लू आईपासून फार लवकर न तोडणे, हे तीन उपाय उपयोगी पडतात.

उन्हाळ्याविषयी फार लिहीत नाही. दोन्ही जातींची कातडी आखूड केसांची आहे, त्यामुळे पर्शियनचे मे महिन्यात जे हाल होतात ते यांचे होत नाहीत. सावली, पंखा आणि दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवले की चाळिशीच्या वरचे तापमान ती निभावतात. पाण्याचा नळ काही दिवसांआड येत असला तरी मांजराची वाटी रोज बदलावी.

शाकाहारी घराचा मुद्दा मात्र स्पष्ट बोलायला हवा. मांजर दूध-भाकरीवर जगत नाही. टॉरिन हे पोषक द्रव्य त्याला आहारातूनच मिळावे लागते आणि ते मुख्यतः मांस-मासळीतच असते. कमी पडले तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही निकामी होऊ शकतात. घरात मासे किंवा चिकन शिजवणे शक्य नसेल तर मांजरांसाठी तयार केलेले, बंद पाकिटातील संपूर्ण खाद्य चालते, आणि सासूबाईंची त्याला हरकत नाही ना, हे पिल्लू आणण्याआधी विचारून घ्यावे. हे जमणार नसेल तर दोन्हींपैकी कोणतेच मांजर आणू नये, असे मी नि:संकोचपणे सांगेन.

आजार ओळखण्याच्या बाबतीतही दोघांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. नेहमी बोलणारी सयामी गप्प झाली, हीच खूण. तिला घेऊन तुम्ही लगेच दवाखान्यात आलात तर मी ते अवाजवी मानणार नाही. उलट वयस्क मांजर अचानक रात्री मोठ्याने ओरडू लागले तर थायरॉइड, रक्तदाब आणि बहिरेपण यांची तपासणी करावी. बर्मीजमध्ये आवाजापेक्षा अंगाला बिलगण्याकडे पाहावे: जे मांजर मांडीवर येत नाही, त्याचे काहीतरी दुखते आहे. पिल्लाची मान खाली झुकलेली राहत असेल आणि चाल ताठर असेल, तर रक्तातील पोटॅशियम तपासणे गरजेचे आहे, कारण या जातीत तो आनुवंशिक दोष आढळतो.

आता आपल्या घराविषयी. दिवसभर घरी असणारी व्यक्ती सासूबाई आहेत. पहाटे उठणे, पूजा, दुपारची ठरलेली झोप, संध्याकाळची देवापुढची दिवाबत्ती, असा ज्येष्ठांचा दिवस नियमित असतो आणि सयामीला अशी नियमितता प्रिय असते. म्हणजे मुलाच्या हट्टासाठी आणलेली सयामी बहुधा आजींची होईल. आजींना ते आवडणार असेल, तर त्या दोघींचे उत्तम जमेल, यात मला शंका नाही. परंतु शाळेतून धावत आलेल्या मुलाकडे ती मान वळवून पाहील आणि पुन्हा आजींच्या मागे जाईल, आणि त्या वयात मुलाला ते फार लागते. आजींना दुपारी शांतता हवी असेल किंवा त्यांना पायात घुटमळणाऱ्या प्राण्यामुळे पडण्याची भीती वाटत असेल, तर सयामीचा विचार सोडून द्यावा. बर्मीज दुपारी आजींजवळ झोपेल, संध्याकाळी मुलाबरोबर खेळेल आणि रात्री आपल्या पायथ्याशी येईल. आपण वर्णन केलेल्या घरासाठी मी बर्मीजच सुचवेन. पण त्यासाठी ते खरे बर्मीज असले पाहिजे.

म्हणून त्या विक्रेत्याकडे तोंडी आश्वासनावर व्यवहार करू नये. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा; नोंदणीचे कागद असतील तर त्यांवरची आई-वडिलांची जात वाचावी. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून रंगाच्या जनुकाची चाचणी परदेशातील प्रयोगशाळा करून देतात, परंतु तिच्यावरून जातीची पूर्ण खात्री होत नाही, त्यामुळे आई पाहणे हाच मुख्य आधार समजावा. आईजवळ जमिनीवर बसावे आणि हात न पुढे करता थांबावे. ती आपणहून येऊन अंगाला अंग घासते का, की दुरून ओरडते, की लपून बसते, यावरून पिल्लांविषयी पुष्कळ कळते. पिल्लू बारा आठवड्यांपेक्षा लहान असेल तर आणू नये. एकाच वेतातील दोन पिल्ले मिळत असतील आणि खर्च झेपणार असेल, तर दोन्ही आणावीत, म्हणजे आजी गावाला गेल्या तरी दिवसभर घर अगदीच रिकामे राहणार नाही. आणि आई दाखवायला टाळाटाळ झाली तर ते पिल्लू घेऊ नये, मग त्याचा रंग कोणताही असो.